नाताळच्या सुट्टीतली मिशन ट्रिप आणि कॉलेजच्या पोरांचा विश्वास

(भायखळ्याला चर्चच्या तरुण संघापुढे केलेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून)

ट्रिप म्हणजे काय हे तुम्हाला सांगत बसत नाही, निम्मे जण तर जाऊन आलायत. कसारा लोकल, पुढे जीप, मोखाड्याचा एखादा पाडा, चार दिवस अ‍ॅक्शन साँग्ज, नाटुकली, मेडिकल कॅम्प आणि शेवटच्या रात्री शेकोटीभोवती साक्षी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. मला बोलायचंय ते ह्या शेवटच्या रात्रीबद्दल, कारण कॉलेजच्या पोरांचा विश्वास तिथेच पक्का होतो असं आपण सगळे धरून चाललोय.

त्या साक्षींमधे एक वाक्य हमखास येतं, बघा तुम्हाला पण पाठ असेल. "ह्यांच्याकडे काहीच नाही तरी किती आनंदी आहेत, आणि देवा, तू मला किती दिलंयस." हसताय, म्हणजे ऐकलंय. पोरं रडत म्हणतात, मनापासून म्हणतात, त्यात मला शंका नाही. पण बायबलमधे लूकचा १८वा अध्याय उघडा, परूशी, म्हणजे स्वतःला धार्मिक समजणारा तो माणूस, मंदिरात उभा राहून काय म्हणतो, मी इतर माणसांसारखा नाही म्हणून तुझे आभार मानतो. आपल्या पोराच्या तोंडून तीच प्रार्थना येते आणि आपण आमेन म्हणतो! आणि पाहुणे घरी आल्यावर कोण रडगाणं गाईल सांगा, ती माणसं हसून बोलतात ती पाहुणचाराची रीत म्हणून, त्यावरून त्यांच्या आनंदाचं माप कसं काढता?

एका डिसेंबरात एका ग्रुपबरोबर मी गेलो होतो. पोरांनी महिनाभर प्रॅक्टिस केलेली, मुलांसाठी गिफ्टची पाकिटं बांधलेली, तिथे पोचलो तर पाड्यावर अर्ध्या घरांना कड्या. म्हातारी माणसं आणि थोडी लहान पोरं, बस. ग्रुपचे लीडर नाराज, रिस्पॉन्स नाही म्हणाले. (तिथल्या चर्चच्या पाळकबाई तोवर एवढ्या माणसांचा भात चुलीवर शिजवत होत्या, त्यांच्याबद्दल साक्षीत कुणी कधी बोलत नाही, हे जाता जाता.) मग एका आजीने सांगितलं, दिवाळी झाली की सगळे वीटभट्टीवर जातात, पोरंबाळं घेऊन, भिवंडीला, वसईला, कुणी बिल्डिंगच्या कामावर, मालकाची उचल घेतलेली असते ती फेडायला, आता होळीच्या सुमाराला येतील नाहीतर पावसाच्या तोंडावर. म्हणजे आम्ही ज्यांना भेटायला निघालो होतो ती माणसं आमच्याच बाजूला येऊन राहिली होती आणि आम्ही त्यांच्या रिकाम्या घरांपुढे गिटार घेऊन उभे.

आमच्यात कल्याणची एक मुलगी होती, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाची. ती हळूच म्हणाली, दादा, आमच्या गल्लीच्या टोकाला बिल्डिंग चाललीय, तिथे पत्र्याच्या खोल्यांत अशीच माणसं राहतात, मी क्लासला रोज तिथूनच जाते, कधी मान वळवून बघितलं नाही. त्या रात्री तिने साक्ष दिली नाही. म्हणाली, मला प्रार्थनाच सुचत नाहीये. लीडरना वाटलं हिच्यावर ट्रिपचा काही परिणाम झाला नाही, मला विचाराल तर खरा परिणाम झाला तो तिच्यावरच.

पाळकसाहेब घड्याळ दाखवतायत, दहा मिनिटं म्हणतायत, आणि मुख्य मुद्दा राहिलाच आहे, तो भरभर सांगतो.

विद्यार्थ्यांचं मिशन ही आजची फॅशन नाही. १८०६ साली अमेरिकेत विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना करत बसले, त्यातून जी चळवळ उभी राहिली तिच्यातून १८१० साली परदेशात मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड निघालं, आणि त्याच कॉलेजचा गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला. इथली भाषा शिकला आणि १८२६ साली नाशिकच्या बाजूला दौऱ्यावर असताना कॉलऱ्याने गेला. पुढे १८८६ साली अमेरिकेतच माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनला जायची तयारी दाखवली, त्यांना पेटवणारा रॉबर्ट वाइल्डर आपल्या कोल्हापुरात जन्मलेला. त्यांच्यासमोर प्रश्न आयुष्याचा होता. आपण चार दिवसांच्या ट्रिपकडून तेवढंच फळ मागतोय.

चार दिवसांत भावना वर जाते, सेमिस्टर सुरू झालं की उतरते. होंडुरासमधे १९९८ च्या मिच वादळानंतर अमेरिकेतून ग्रुप घरं बांधायला गेले, त्यांचा अभ्यास कर्ट व्हर बीक ह्या समाजशास्त्रज्ञाने २००६ साली छापला. परत आलेल्या लोकांना वाटत होतं आपण खूप बदललो, पण त्यांच्या देणगीत वगैरे टिकणारा फरक फारच थोडा दिसला. ज्यांना घरं मिळाली त्यांनाही ती परदेशी ग्रुपने बांधली की तिथल्याच लोकांनी, ह्याने विशेष फरक पडला नव्हता.

म्हणून ट्रिपा बंद करा असं मी म्हणत नाहीये. जाऊन आल्यावर पोराला जे प्रश्न पडतात, ही उचल कोण देतं, ह्या पोरांची शाळा कुठे, देव हे बघतो तर गप्प का, ते ऐकायला मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमधे, कुणीतरी बसलं पाहिजे. तिथे विश्वास मुरतो. आपण मात्र पुढच्या रविवारी पाच मिनिटं स्टेजवर बोलवतो, फोटो दाखवतो, टाळ्या, संपलं.

तेव्हा ह्या वर्षीसाठी माझी मागणी एवढीच. नाताळला पाड्यावर जायच्या आधी तिथल्या पाळकांना विचारा त्या दिवसांत गावात कोण असतं, आणि त्या पाड्यातली जी कुटुंबं भिवंडीच्या भट्ट्यांवर आहेत त्यांना आधी भेटा, हात हलवत जा, गिटार घरी ठेवा. मग जानेवारी ते परीक्षेपर्यंत महिन्यातून एकदा ग्रुपने इथेच बसायचं, ज्याला प्रार्थना सुचत नाही त्याने पण यायचं. नावं सेक्रेटरींकडे द्या, मी खाली चहापाशी आहे, प्रश्न तिथे घेऊ.