सहा फ्रेमची ग्रेस

(दृश्य : कर्वेनगरमधील भाड्याची खोली, रविवारची संध्याकाळ. टेबलावर जर्नल, शेजारी उघडा लॅपटॉप.)

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. आम्ही तिघी या खोलीत राहतो. एक मैत्रीण गावाला गेली आहे, दुसरी पोह्यांसाठी कांदा चिरते आहे, आणि माझ्यासमोर डेटाबेसचे जर्नल उघडे पडले आहे. त्यातील तीन प्रयोग अजून लिहायचे आहेत आणि उद्या सकाळी साडेनऊला त्यांवर सह्या घ्यायच्या आहेत. घड्याळात सात वाजून दहा मिनिटे झाली आहेत. साडेआठपर्यंतचा वेळ मी आठवड्याच्या सुरुवातीलाच स्वतःसाठी राखून ठेवला होता, आणि या वेळात मी एक खेळ चाखून पाहणार आहे.

चाखणे हा शब्द मी विचारपूर्वक वापरते. आमटी उकळत असताना आई पळीतून थेंबभर आमटी तळहातावर घेते, ते पोट भरण्यासाठी नसते. मिठाचा, आंबटपणाचा आणि शिजण्याचा अंदाज तिला त्या एका थेंबातून येतो. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीकडे शंभर तासांचा खेळ पूर्ण करण्याइतका वेळ नसतो, आणि माझ्या लॅपटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्डही नाही. सुरुवातीला मी इंडी खेळांकडे वळले, म्हणजे एकट्यादुकट्या माणसाने किंवा चार-पाच जणांच्या गटाने मोठ्या कंपनीच्या पैशाविना बनवलेल्या खेळांकडे, ती याच दोन अडचणींमुळे. पुढे माझ्या लक्षात आले, की या खेळांत बनवणाऱ्याचे हस्ताक्षर दिसते, आणि ते ओळखायला अर्धा तास पुरतो.

हे कळण्याआधी मी एक चूक केली होती. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्सच्या ओरलच्या आदल्या रात्री मी स्टारड्यू व्हॅली सुरू केला. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून अधिक काळ खपून चित्रे, संगीत, संवाद आणि प्रोग्रामिंग असे सगळे स्वतः केले आणि २०१६ मध्ये हा शेतीचा खेळ प्रसिद्ध केला. त्यातील एक दिवस आपल्या घड्याळाने साधारण चौदा मिनिटांचा असतो, आणि आपले पात्र रात्री झोपले म्हणजेच त्या दिवसाची नोंद जतन होते. खेळ मधेच सोडून आपण उठलो तर तो दिवस वाया जातो, आणि झोपून उठले की समोर नवी सकाळ, पाणी घालायची रोपे आणि दाराशी आलेले पत्र असते. मी चौदा मिनिटांचे किती दिवस जगले ते मोजले नाही. दुसऱ्या दिवशी ओरलमध्ये बायनरी ट्रीमधून नोड कसा काढायचा या प्रश्नावर मी गप्प उभी राहिले. दोष खेळाचा नव्हता. तो ज्या निवांतपणासाठी बनवला आहे, तो निवांतपणा माझ्याजवळ नव्हता. तेव्हापासून तो मी फक्त दिवाळीच्या सुट्टीत, वाईला घरी गेल्यावर उघडते.

(दृश्य : पडद्यावर एक लहानसे बेट. मोठ्या ठोकळ्यांनी काढल्यासारखे चित्र, पानगळीचे रंग.)

वेळ बेताचा असलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला एकच खेळ सुचवायचा असेल, तर मी २०१९ मध्ये आलेला ए शॉर्ट हाइक सुचवेन. कॅनडातील अ‍ॅडम रॉबिन्सन-यू यांनी दुसऱ्या एका मोठ्या खेळाचे रखडलेले काम बाजूला ठेवून तो बनवला. क्लेअर नावाची एक पक्षीण बेटावरच्या उद्यानात आपल्या नातलग बाईंकडे राहायला आलेली असते. (इंग्रजीतील एकाच शब्दामुळे या बाई मावशी की आत्या, हे ठरवता येत नाही, मी मनाशी मावशी धरले आहे.) क्लेअर एका महत्त्वाच्या फोनची वाट पाहत असते आणि बेटावर रेंज नसते. रेंज मिळते ती फक्त हॉक पीक या शिखरावर, म्हणून ती चालू लागते. एवढेच कथानक आहे.

या खेळात नकाशा नाही, आणि पुढे कुठे जायचे हे दाखवणारा बाणही नाही. वाटेत सोन्याची पिसे मिळतात आणि प्रत्येक पिसासोबत थोडे अधिक उंच चढण्याचे बळ येते. मी शिखराकडे निघाले आणि किनाऱ्यावर मासे धरत बसले. पुन्हा निघाले आणि फावडे सापडल्यावर ठिकठिकाणी खणत राहिले. कोणीही घाई केली नाही. कॉलेजच्या आठवड्यात प्रत्येक गोष्टीला अंतिम तारीख असते, त्यामुळे वाट चुकण्याची अशी मोकळीक मला अनेक महिन्यांत मिळाली नव्हती. शिखरावर पोहोचल्यावर फोन वाजतो. तो कोणाचा असतो आणि काय बोलणे होते, हे मी सांगणार नाही. त्यानंतर पंख पसरून खाली तरंगत येताना आपण कुठे थांबलो, कुठे चुकलो, कोणाशी बोललो, ते सगळे बेट एका नजरेत दिसते. दीड तासात संपूर्ण खेळ पाहून झाला होता. त्या रात्री नऊला नेहमीप्रमाणे आईचा फोन आला आणि तिने जेवलीस का म्हणून विचारले. एरवी मी हो म्हणून फोन ठेवते. त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो. या खेळाला २०२० च्या स्वतंत्र खेळांच्या महोत्सवात, म्हणजे आयजीएफमध्ये, सर्वोच्च पारितोषिक मिळाले, हे मला नंतर समजले.

असे खेळ सापडतात कसे, हा प्रश्न मला वर्गातील मुले-मुली वारंवार विचारतात. इच डॉट आयओ या संकेतस्थळावर पुष्कळ खेळ विनामूल्य किंवा आपल्या इच्छेने ठरवलेल्या किमतीत मिळतात. स्टीम या संगणकावरील खेळांच्या ऑनलाइन दुकानात फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये नेक्स्ट फेस्ट नावाचा आठवडाभराचा उत्सव असतो आणि त्यात अजून प्रसिद्ध न झालेल्या शेकडो खेळांचे डेमो फुकट खेळता येतात. ऑक्टोबरचा उत्सव नेमका परीक्षेच्या तोंडावर येतो, म्हणून मी तेव्हा तीनच डेमो उतरवते, आणि आवडलेला खेळ विशलिस्टमध्ये टाकायला विसरत नाही. जाहिरातीला पैसे नसलेल्या छोट्या निर्मात्याला आपल्या खेळाची किती जण वाट पाहत आहेत हे या यादीवरूनच कळते, तेव्हा चाखणाऱ्याने एवढे करावेच असे मला वाटते.

पैसे परत घेण्याच्या सोयीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांपेक्षा कमी असेल, तर स्टीमवर पैसे परत मिळतात. खेळ लॅपटॉपवर चाललाच नाही, तर ही सोय विद्यार्थ्याला मोठा आधार देते. परंतु दीड तासाचा खेळ शेवटपर्यंत खेळून, आवडून, नंतर पैसे मागणे हे खाणावळीत ताट स्वच्छ करून बिल नाकारण्यासारखे आहे. २०२१ मध्ये एका छोट्या निर्मात्याने नेमक्या याच कारणाने काम थांबवत असल्याचे जाहीर केले होते. लहान असणे हा खेळाचा गुण आहे. त्याची शिक्षा तो बनवणाऱ्याला होऊ नये.

(दृश्य : खोलीतील शेगडी, कढईत फोडणी. मग पडद्यावर इडलीपात्र.)

व्हेन्बा हा खेळ मी दोन रविवारी मिळून संपवला. टोरंटोतील विसाई गेम्स या छोट्या गटाने तो २०२३ मध्ये आणला. १९८० च्या दशकात तमिळनाडूतून कॅनडाला गेलेल्या एका कुटुंबाची ही गोष्ट आहे आणि ती स्वयंपाकातून उलगडते. व्हेन्बाजवळ तिच्या आईची पाककृतींची वही असते, पण वहीची पाने फाटलेली आणि डागाळलेली असतात. उरलेल्या शब्दांवरून आणि स्वतःच्या अंदाजावरून खेळणाऱ्याला पुढची पायरी शोधावी लागते. पहिलीच कसोटी इडलीची आहे. माझ्या मैत्रिणीने माझ्या खांद्यावरून पाहून ताटल्या कशा बसवायच्या ते लगेच सांगितले, कारण वाफ वरपर्यंत जाण्यासाठी काय करावे लागते हे तिच्या हातांना ठाऊक होते. चुकीच्या उत्तराला येथे दंड नाही; पदार्थ पुन्हा करून पाहता येतो.

माझ्या आजीकडे अशी वहीसुद्धा नाही. पुरणात जायफळ किती, असे विचारले तर ती "दिसेल तेवढं" असे म्हणते. हा खेळ संपवल्यानंतरच्या सुट्टीत मी तिच्याजवळ ओट्याशी उभी राहिले आणि तिने घातलेले प्रत्येक जिन्नस वाटीने मोजून लिहून घेतले. तिला आधी राग आला, मग गंमत वाटली, आणि शेवटी तिने स्वतःच दोन पाने सांगितली.

आपल्या पुण्यातही असे काम झाले आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या गटाने २०१७ मध्ये राजी या खेळासाठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली होती, ती पुरेशी जमली नाही. तरीही त्यांनी तो तडीस नेला आणि २०२० मध्ये तो जगभर प्रसिद्ध झाला. माझ्या लॅपटॉपवर तो अडखळतो, म्हणून वर्गमित्राच्या संगणकावर मी त्याचा केवळ आरंभ पाहिला आहे. ज्या शहरात मी बसची वाट पाहते, त्याच शहरात राजस्थानी वास्तूंच्या धर्तीचे ते महाल कोणीतरी उभे केले, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

(दृश्य : कॉलेजचे कॅन्टीन. लॅपटॉपवर अगदी लहान चौकोनी खेळ, नंतर कोडच्या ओळी.)

ज्या खेळाने मला सर्वांत जास्त शिकवले, तो मी कॅन्टीनमध्ये, दोन प्रॅक्टिकलमधल्या अर्ध्या तासात खेळले. सेलेस्ट हा डोंगर चढण्याचा प्रसिद्ध खेळ २०१८ मध्ये आला, पण त्याचे पहिले रूप मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी पिको-८ या काल्पनिक कन्सोलसाठी, म्हणजे प्रत्यक्षात नसलेल्या, फक्त सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या खेळयंत्रासाठी, अवघ्या चार दिवसांत बनवले होते. पिको-८ चा पडदा १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा असतो आणि मूळ रंग सोळाच असतात. हे पहिले रूप ब्राउझरमध्ये फुकट खेळता येते, आणि विशेष म्हणजे त्याचा संपूर्ण कोड कोणालाही उघडून वाचता येतो.

खेळ अवघड होता आणि मी सारखी पडत होते, तरी तो मला अन्यायकारक वाटत नव्हता. असे का, ते शोधण्यासाठी मी कोड वाचू लागले आणि ग्रेस नावाच्या एका व्हेरिएबलपाशी, म्हणजे बदलता आकडा साठवणाऱ्या नावापाशी, थांबले. पात्राचे पाय जमिनीवर असतात तोवर त्याची किंमत सहा असते. पाय कडेवरून सुटले की प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर झरझर बदलणाऱ्या प्रत्येक चित्रागणिक, ती एकाने कमी होते, आणि ती शून्य होईपर्यंत, पायाखाली जमीन नसतानाही, उडी मारता येते. पिको-८ वर हा खेळ सेकंदाला तीस फ्रेमने चालतो, म्हणजे ही सवलत सेकंदाच्या पाचव्या भागाइतकी असते. खेळ बनवणारे हिला कोयोटी टाइम म्हणतात. खेळणाऱ्याचे बोट जरा उशिरा पडणार हे बनवणाऱ्याने आधीच जाणले होते, आणि त्याला न सांगता सांभाळून घेतले होते. ग्रेस हा शब्द आमच्या वर्गात निकालाच्या दिवशीच ऐकू येतो. दोन गुणांनी राहिलेल्या मुलाला तो काय देतो हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. कॅन्टीनमधल्या त्या गोंगाटात तोच शब्द कोडच्या ओळीत पाहून मला भरून आले होते.

(दृश्य : पुन्हा खोली. पडद्यावर एक चौकोन दोन फळ्यांवरून उड्या मारतो आहे.)

सेमिस्टरच्या सुट्टीत मी गोडो हे विनामूल्य गेम इंजिन, म्हणजे खेळ बनवण्याचे सॉफ्टवेअर, उतरवून स्वतःचा एक खेळ सुरू केला. एक चौकोन, दोन फळ्या आणि मधली दरी, इतकाच तो आहे. मैत्रिणीने तो पहिल्यांदा खेळला तेव्हा ती दरीत पडत राहिली आणि दर वेळी म्हणाली, "मी बटन दाबलं होतं गं!" मी ग्रेस सहा ठेवली, तरी ती पडतच होती. गोडोमध्ये ही मोजणी मुळात सेकंदाला साठ वेळा होते, त्यामुळे सहा म्हणजे निम्मीच सवलत मिळत होती, हे माझ्या ध्यानात यायला एक रविवार गेला.

आज साडेसात वाजता, पोहे झाकून ठेवून, मी सहाचे बारा केले आणि लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. काय बदलले ते तिला सांगितले नाही. तिने कडेपर्यंत चौकोन नेला, बटन जरा उशिराच दाबले आणि पलीकडच्या फळीवर उतरली. "आज जमतंय की मला," असे म्हणून तिने तो परत मागे नेला, आणि मी जर्नल पुढे ओढून चौथ्या प्रयोगाचे शीर्षक लिहायला घेतले.