आधी झाकणाचं बोलू

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरात झिरो माईलच्या दगडापाशी उभं राहून कुठल्याही दिशेला तोंड करा, समुद्र काही जवळ नाही. तरीही गेल्या उन्हाळ्यात इंजिनिअरिंगचा एक पोरगा माझ्या हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन आला. एका माणसापुरती पाणबुडी, घरीच बनवायची. "काहून रे बाप्पा?" मी विचारलं. तो नुसता हसला.

ड्रॉइंग नीटनेटकं होतं. मोटर, बॅटरी, वर साठ सेंटिमीटर व्यासाचं गोल झाकण. मी विचारलं, खाली अडकलास तर? म्हणाला, "झाकण उघडून पोहत वर येईन, सर."

सगळी मेख इथेच आहे. दहा मीटर पाण्याखाली प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा जादा भार येतो. त्या झाकणावर हिशेब केला तर पावणेतीन टनांच्या वर. तीन मीटरवरसुद्धा साडेआठशे किलो भरतात. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा पाण्यात उभ्या गाडीचं दार आतून ढकलून पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे तर पाणी जेमतेम कमरेइतकं असतं.

मग झाकण उघडायचं कसं? आत पाणी घेऊन. वाचायचं म्हणून स्वतःच्या हातानं व्हॉल्व्ह उघडायचा आणि पाणी गळ्याशी येताना बघत बसायचं. दहा मीटरवर आतली हवा आकसून निम्मी होते, दाब दुप्पट होतो, आणि आतबाहेर दाब सारखा झाला की तेच झाकण हाताने उचललं जातं. त्याआधी ढकलाढकली केली तर फक्त दम जातो. बाहेर पडल्यावर श्वास रोखायचा नाही. छातीत भरलेली ती दाबाखालची हवा वर येताना फुगते, फुप्फुस फाटू शकतं. सतत हवा सोडत वर यायचं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे शिकावं लागतं, कारण त्याची सवय नेमकी उलटी असते.

अर्थात, ही शेवटची वाट. त्याआधी बॅलास्ट टाकीत, म्हणजे बुडण्यासाठी पाणी भरतात त्या टाकीत, दाबाची हवा सोडून पाणी बाहेर ढकलायचं. ते जमलं नाही तर तळाला लावलेलं शिसं आतून सोडायचं. पण ऐंशी किलो शिसं साधारण त्र्याहत्तर लिटर गळतीपर्यंतच तारतं, हे पोराने मोजलंच नव्हतं.

हवेचंही तसंच. ऑक्सिजन संपण्याच्या आधी आपल्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड त्रास देऊ लागतो. डोकं दुखतं, विचार अडखळतात. तो शोषायला सोडा लाइम लागतं. 1973 साली आयर्लंडजवळ पायसीस थ्री नावाची छोटी पाणबुडी सुमारे 480 मीटरवर अडकली. आतले दोघे कमीत कमी हालचाल करत, जवळजवळ न बोलता पडून राहिले, आणि 76 तासांनी वर आले. त्यांच्यासाठी वर जहाजं होती, शोधणारी माणसं होती. आपल्या तलावात वर कोण असणार? दोर बांधलेली एक होडी आणि घड्याळ पाहणारा एक माणूस, एवढं तरी हवंच. टायटन पाणबुडीचं झाकण तर बाहेरूनच बोल्टने आवळलेलं असायचं. तिथे जून 2023 मध्ये पाणबुडीच चुरडली गेली, म्हणून झाकणाचा प्रश्नच आला नाही. तरी माझा जीव त्या बोल्टांपाशी अडखळतो.

पोराला मी वर्कशॉपच्या फरशीवरच, खडूने आखलेल्या चौकटीत बसवलं. व्हॉल्व्हच्या जागी एक जुना नळ ठेवला, डोळ्यांवर दुपट्टा बांधला आणि म्हटलं, शोध. तो चाचपडत राहिला. ड्रॉइंगप्रमाणे नळ त्याच्या पाठीमागे होता. हात पोचायला अख्खं अंग वळवावं लागत होतं, आणि चौकटीत वळायला जागा नव्हती.

दुपट्टा सोडून त्याने खिशातलं खोडरबर काढलं.