कोल्हापूरचं बंदर : राजापूरची खाडी

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘राजापूरची खाडी : भूगोल आणि इतिहास’. त्याकडे येतोच. पण आधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. आपल्या भागातल्या एका शाळेच्या भिंतीवर कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा रंगवलाय. पूर्वेला सांगली आहे, दक्षिणेला बेळगाव आहे, आणि पश्चिमेला सह्याद्रीची तपकिरी रेघ ओढली की पुढे नुसता चुना! पोरांनी काय समजायचं? पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा बंगालच्या उपसागराला, म्हणून आपली तोंडं कायम पूर्वेकडे. समुद्र म्हटला की आपल्याला आठवते मे महिन्यातली मालवणची सहल. माझं म्हणणं असं, की त्या चुन्याच्या जागी एक खाडी आहे आणि ती वगळून पन्हाळ्याचा इतिहास पुरा सांगता येत नाही.

१६६० चा सिद्दी जौहरचा वेढा या सभागृहात कुणाला सांगायला नको. शिवा काशीद, बाजीप्रभू, पावनखिंड, सगळं आपल्या तोंडपाठ आहे, आणि असायलाच हवं. पण वेढ्यात गडावर इंग्रजी तोफगोळे पडले, ते आले कुठून? मी पन्हाळ्यावर माहिती सांगणाऱ्यांना हे विचारतो. उत्तर येतं, ‘राजापूरच्या इंग्रजांनी दिले.’ बरं, मग राजापूरला इंग्रज कसे? तिथं गाडी थांबते.

तर उलटं चालत जाऊ. पन्हाळ्यावरून निघा, मलकापूर मागं टाका, अणस्कुऱ्याचा घाट उतरा. राजापूरहून वर येणारी ही जुनी व्यापारी वाट. खाली अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या संगमावर राजापूर. इथून समुद्र चांगला पंधरा मैल लांब, तरी हे बंदर! कारण भरतीचं पाणी गावापर्यंत चढायचं. मुखाशी जैतापूर, उत्तर काठावर नाटे गावचा यशवंतगड किल्ला. जड जहाजं खाली नांगरायची, माल पडावांत उतरवायचा आणि भरती लागली की वर सोडायचे. सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्रजांनी राजापुरात वखार घातली ती या पाण्याच्या भरवशावर. त्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन. हा गृहस्थ गोळे घेऊन घाट चढला, पन्हाळ्याखाली सिद्दीच्या छावणीत आला आणि आपलं निशाण लावून गडावर मारा केला. व्यापारी म्हणून आलेल्या माणसानं! महाराजांनी हे विसरायचं काय कारण? १६६१ च्या मार्चमध्ये ते थेट राजापुरात उतरले, वखार लुटली, खणून काढली, रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार धरले. त्यांतल्या काहींची सुटका व्हायला १६६३ उजाडलं. पन्हाळ्यावरच्या आगळिकीचा जाब खाडीच्या काठावर विचारला गेला. महाराजांना घाट आणि खाडी ही एकच वाट दिसत होती, आपल्याला ती दोन जिल्ह्यांत तुटलेली दिसते.

जाता जाता विचारतो. राजापूरजवळच्या उन्हाळे गावी गंगा आली, म्हणजे तिथले अधूनमधून वाहणारे झरे फुटले, की आपण गाड्या भरून जातो. त्यांतले किती जण राजापुरात उतरून जुन्या धक्क्याकडे गेलेत? हात वर करा. तीन. पुढच्या वेळी ओहोटीला जा. मचव्यातला माणूस बांबू खाली टोचत चालतो. बांबू रेतीत खट्ट वाजला तर पुढं जायचं, चिखलात मुकाट घुसला तर वळायचं. पंधरा मैलांच्या खाडीतली खोल पाण्याची वाट आता अशी चाचपावी लागते.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिलीत. मग मुद्द्याचं भराभर सांगतो.

खाडी गाळानं का भरली? सह्याद्री ते समुद्र हे अंतर पन्नास-साठ किलोमीटर. घाटमाथ्यावर पाऊस किती? आपल्या गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे. एवढं पाणी एवढ्याशा उतारावरून चार महिन्यांत धावतं आणि जंगल तुटलेल्या डोंगराची माती घेऊन येतं. खाडीत भरती समोरून अडवते, प्रवाह मंदावतो, गाळ तिथंच बसतो. इंग्रजी अमदानीतलं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, सांगतं, अरबांची तारवं रत्नागिरी जिल्ह्यात थेट राजापूरशीच व्यापार करतात, पण मोठ्या तारवाला जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबावं लागतं. दक्षिणेला वाघोटण नदीच्या मुखावरचं विजयदुर्ग पाहा. तिथं मुखाशी वाळूचा बांध नाही, म्हणून ते बंदर कुठल्याही हवेत उघडं.

नुसत्या गाळानं राजापूर मेलं, हे मात्र मला मान्य नाही. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि आपल्या मालाचं तोंड फिरलं. ज्या बैलांच्या पाठीवरून मीठ, नारळ, सुपारी वर येत होती, ते तांडे घाटातून ओसरत गेले. माल असता तर कुणीतरी गाळ उपसला असता. म्हणजे या खाडीच्या ऱ्हासात कोल्हापूरचाही वाटा आहे.

आणखी एक, मालवण. इंग्रजांशी झालेल्या १८१२ च्या तहानं सोडावं लागेपर्यंत मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर दरबाराकडे होते. कोल्हापूरला आरमार होतं, मंडळी! त्यावर स्वतंत्र बोलायला हवं, आज वेळ नाही.

शेवटी कामाचं. जैतापूरपासून राजापूरपर्यंत दर अर्ध्या किलोमीटरवर, भरतीची वेळ टिपून, दोरीला शिसं बांधून खोली मोजायची आणि जुन्या सागरी नकाशांशी ताडून पाहायची. मचवेवाल्यांशी बोलणं झालंय. पावसाच्या आधी उरकायचं आहे. भूगोलाची मुलं आणि पोहता येणारी माणसं हवीत. दाराशी वही ठेवलीय, नावं लिहून जा.