फुकटचं खत आधी हुंगा

नमस्कार श्रोतेहो.

‘फुकट ते पौष्टिक’ असं आपण हसत म्हणतो. खताच्या बाबतीत ते खरंही ठरतं, पण पोतं उघडून पाहिल्यावर. शहराच्या ओल्या कचऱ्याचं खत करायचं आणि ते नागरिकांना बागेसाठी मोफत द्यायचं, असा उपक्रम न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत चालतो. आपल्या पुण्यात असं वाटप कुठे दिसलं, तर रांगेत पहिला मी असेन. मात्र पिशवी भरायच्या आधी मूठभर खत नाकाशी नेईन.

ही सवय मला एका मोगऱ्याने लावली. काही वर्षांपूर्वी असंच एक फुकटचं पोतं रिक्षात घालून घरी आणलं. किंचित कोमट लागत होतं, आंबूस वासही येत होता. म्हटलं, खतच ते, वास येणारच! दोन कुंड्या भरल्या आणि पंधरा दिवसांत मोगरा पिवळा पडला. खत कच्चं होतं. कच्च्या खतातले जिवाणू उरलेला पालापाचोळा कुजवायला मातीतलाच नत्र ओढून घेतात, मग झाडाला काय उरणार? शिवाय त्यात अमोनिया असेल तर कोवळी मुळं करपतात.

मुरलेल्या खताला पहिल्या पावसात भिजलेल्या मातीसारखा वास येतो. रंग गडद तपकिरी, हाताला भुसभुशीत, आणि मुठीत दाबलं तर पाणी गळत नाही. तरी शंका वाटली, तर थोडं ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर कुबट वास आला तर ते आणखी महिनाभर मुरू द्या. दुसरी परीक्षा मेथीची. निम्मी माती, निम्मं खत घेऊन त्यात चिमूटभर दाणे पेरा. चार-पाच दिवसांत बहुतेक उगवले तर बिनधास्त वापरा. नाही उगवले, तरी फेकून मात्र देऊ नका. कच्चं खतसुद्धा थांबलं की पिकतं.

आणि चाळा! गणपतीत घाटावरच्या कलशांत जमणाऱ्या निर्माल्याचं खत होतं, पण हारांचा दोरा, जरीचे धागे, थर्माकोलचे मणी काही कुजत नाहीत. माझ्या त्या पोत्यात तर बाटलीची काचही निघाली. ती खताच्या कारखान्यात मिसळली नव्हती, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून ओल्या डब्यात पडली होती. तसला मिसळलेला कचरा पुण्याच्या कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं दारात सोसला. दारोदार फिरणाऱ्या, कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई ओला-सुका वेगळा मागतात, तेव्हा आपण कपाळाला आठ्या घालतो, खत मात्र आपल्याला स्वच्छ हवं असतं.

कुंडीत नुसतं खत भरू नका. चार भागांत एक भाग खत पुरे, बाकी माती आणि थोडा नारळाचा भुसा. पुण्याची काळी माती पाणी धरून बसते, म्हणून तळाशी विटांचे तुकडे टाकण्यापेक्षा मिश्रणच मोकळं ठेवा, भोकं उघडी राहतील असं बघा. झाड आधीच लावलेलं असेल, तर बुंध्यापासून चार बोटं सोडून बोटभर थर द्या आणि वर वाळकी पानं पसरा.

तो मोगरा? कुंडी रिकामी करून माती बदलली. यंदा चैत्रात त्याला सात कळ्या आल्या.