पातेल्यातली बिअर

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते पातेल्यातल्या बिअरबद्दल. ग्लासातल्या बिअरबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांना माझी गरज नाही.

गोष्ट मार्च २०२० ची, बेल्जियममधल्या गेंट शहरातली. आम्ही नवरा-बायको तिथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. १३ मार्चच्या मध्यरात्री देशातली सगळी कॅफे आणि हॉटेलं बंद झाली, आणि १८ तारखेला दुपारी बारापासून आपणही घरात बंद. ज्या देशाची बिअर संस्कृती २०१६ साली युनेस्कोच्या यादीत गेली, त्या देशात कोपऱ्यावरच्या कॅफेतल्या खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या दिसायच्या. किराणा मिळत होता आणि दुकानात बिअरही मिळत होती. मिळत नव्हती ती सोबत.

रात्री आठ वाजता लोक खिडक्यांत येऊन डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्यांतच खालच्या मजल्यावरच्या आजींशी ओळख वाढली. एकट्या राहायच्या. दोन वर्षं एकच जिना वापरून आम्ही जेवढं बोललो नव्हतो, तेवढं त्या एका आठवड्यात बोललो. त्या मान वर करून, मी खाली वाकून. एकदा मी म्हटलं, वरण-भात, खिचडी आणि अंडी यांची आता शिसारी आली. आजी म्हणाल्या, "मग स्टोफव्लेस कर. घरात अडकल्यावर करायचा पदार्थच आहे तो. तीन तास कुठे जायचं नसतं."

स्टोफव्लेस म्हणजे बिअरमध्ये मंद शिजवलेलं मांस. फ्रेंच बोलणारे त्यालाच कार्बोनाद फ्लामांद म्हणतात. फ्रान्सात द्राक्षं पिकतात, म्हणून तिथे मटणाच्या पातेल्यात वाईन जाते. फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या उत्तर भागात, पिकतो बार्ली, आणि पोपरिंगे गावाच्या बाजूला हॉपचे, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचे वेल. मग इथल्या पातेल्यात बिअरच जाणार. कोकणात आमसूल आणि देशावर चिंच का पडते, त्याचंही उत्तर हेच. जे परसात, ते पातेल्यात.

मूळ पदार्थ गाईच्या मांसाचा. आमच्या घरी ते येत नाही, म्हणून मी मेंढीच्या खांद्याचं मटण आणलं, एक किलो. खांदाच का, तर तो सतत हलणारा अवयव, त्यात चिवट धागे जास्त. हे धागे हळूहळू विरघळतात आणि रश्श्याला चिकटपणा देतात. पायाचं सूप प्यायल्यावर ओठ एकमेकांना चिकटतात ना, तोच प्रकार. मऊ, महागाचं मांस इथे वाया जातं. तीन तासांत त्याचा नुसता भुगा होतो.

पहिल्यांदा मी हा पदार्थ साफ बिघडवला. फ्रिजमध्ये एका ऑफिस पार्टीतून उरलेल्या, खूप हॉप घातलेल्या पिवळ्या कडू बिअरच्या दोन बाटल्या होत्या. म्हटलं, बिअर ती बिअर. अडीच तासांनी झाकण काढलं, वास झकास, रंगही बरा. पहिला घास घेतला आणि पाडव्याला कडुनिंबाची पानं चावल्यासारखं झालं. हिने काही न बोलता ताट पुढे सरकवलं आणि खाकऱ्याचा डबा काढला.

आजींना सांगितलं तर त्या खिडकीत हसत बसल्या. चूक साधी होती. हॉपचा कडूपणा उडून जात नाही. पाणी उडतं आणि कडूपणा तेवढ्याच जागेत दाटतो. बाटलीत जेवढी कडू, त्याहून जास्त पातेल्यात. म्हणून बिअर घ्यायची ती तपकिरी, भाजलेल्या माल्टची (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप बेताचा असलेली. तिथल्या ख्रिस्ती मठांची 'डबल' नावाची तपकिरी बिअर चालते. औडेनार्डे गावाकडची आंबूस तपकिरी बिअर मिळाली तर आणखी छान. आपल्याकडे करणार असाल तर नेहमीची पिवळी लागर नको आणि खूप हॉपची कडू आयपीए तर मुळीच नको. कुठल्या गडद बिअरवर 'माल्टी' असं लिहिलेलं असेल तर ती घ्या, आणि आधी एक घोट चाखा. घशात कडू रेंगाळली तर ती ग्लासात ओता.

आता दुसरा प्रयत्न, नीट ऐका. मटणाचे मोठे तुकडे, जवळजवळ लिंबाएवढे. पंचाने कोरडे करून थोड्या लोण्यात चार-चार घालून भाजायचे. सगळे एकदम घातले तर पाणी सुटतं आणि भाजण्याऐवजी ते उकडतात. ते काढून त्याच पातेल्यात अर्धा किलो कांदा, उभा चिरलेला. इथे आईचा फोन आला. स्पीकर चालू केला.

"काय करतोयस?"

"मटण, आई. बिअरमध्ये."

बराच वेळ शांतता. मग, "मटणात दारू? बरं. कांदा तरी नीट परत. तुला कांद्याची घाई असते."

वीस मिनिटं परतला. कांदा गुळाच्या रंगावर आला तेव्हा ६६० मिलिलिटर बिअर ओतली, म्हणजे लहान दोन बाटल्या. फेस भसकन वर येतो, पातेलं मोठं घ्या. लाकडी चमच्याने तळाला चिकटलेलं तपकिरी सगळं खरवडायचं, चव तिथेच असते. मटण परत आत, दोन तमालपत्रं, थाईम या सुगंधी पाल्याच्या दोन काड्या, मीठ, मिरपूड.

आणि आता आजींची खास युक्ती. ब्रेडच्या दोन स्लाइसना मोहरी चोपडायची आणि मोहरीची बाजू खाली करून त्या मटणावर पांघरायच्या. ही मोहरी म्हणजे बाटलीतला गोड सॉस नव्हे. गेंटची मोहरी लोणच्याला फेसलेल्या मोहरीसारखी, थेट नाकात जाणारी. तासाभरात ब्रेड विरघळून जातो आणि रस्सा दाट होतो. आपण वाटण लावतो, ते ब्रेड लावतात. झाकण किंचित तिरपं, आच इतकी बारीक की मिनिटाला दोन-चार बुडबुडे यावेत.

अडीच तासांनी चाखलं. कडू नव्हतं, पण काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. आई अजून फोनवर होतीच, तिचं टीव्हीचं बोलणं चालू होतं. तिला चव सांगितली. "अरे, आमटीला काय घालतोस? चिंच-गूळ घाल."

मी खिडकीत जाऊन आजींना विचारलं, शेवटी काही घालता का? त्या म्हणाल्या, "हो, सांगायचं राहिलं. चमचाभर व्हिनेगर आणि तपकिरी साखर."

सांगलीची बाई आणि गेंटची बाई, दोघी एकमेकींना ओळखत नाहीत. घरात चिंच होती, गूळ होता, मी तेच घातलं. लिंबाएवढी चिंच नाही हं, सुपारीएवढी.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण पत्रं येतील. शिजवल्यावर सगळं अल्कोहोल उडतं हा समज खरा नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे तासभर शिजवल्यावर सुमारे २५ टक्के उरतं, अडीच तासांनी ५ टक्के. म्हणजे अगदी थोडं, पण शून्य नाही. घरात कुणी दारू सोडलेलं असेल, किंवा कुणाला धर्माने, औषधाने वर्ज्य असेल, तर न सांगता वाढू नका.

सोबत फ्राईज हवेत. तिथे ते दोनदा तळतात. आधी मध्यम तेलात नुसते शिजवून घ्यायचे, थंड करायचे आणि वाढायच्या वेळी कडक तापलेल्या तेलात सोडायचे. त्या एप्रिलमध्ये तर ते देशकार्यच होतं. हॉटेलं बंद म्हणून साडेसात लाख टन बटाटे पडून राहणार होते, आणि बेल्गापॉम या बटाटा उद्योगाच्या संघटनेने लोकांना आठवड्यातून दोनदा फ्राईज खायला सांगितलं होतं. आम्ही तीनदा खाल्ले. शिवाय दुसऱ्या दिवशी तोच रस्सा भाकरीशीही खाल्ला. आजींना मी हे सांगितलं नाही.

एक वाडगा मात्र त्यांच्या दारासमोर पायरीवर ठेवून, बेल वाजवून वर पळालो. दोन दिवसांनी वाडगा आमच्या दारात परत, घासलेला. रिकामा नव्हता. आत मोहरीची छोटी बरणी होती आणि चिठ्ठी: "चव आंबट-गोड, छान. ब्रेड कमी पडला."