नवी प्रजाती, पण कुणापेक्षा नवी?

मातीत नवा जिवाणू सापडला म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘नवा कशावरून?’ प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर त्या जिवाणूपाशी नसतं. ते त्याच्या भाऊबंदांपाशी असतं. म्हणून या कामातला बराचसा वेळ ओळखीच्या जिवाणूंवरच खर्च होतो.

सुरुवात साधी. एक ग्रॅम माती नऊ मिलिलिटर निर्जंतुक मिठाच्या पाण्यात ढवळायची, मग दर नळीत दहा-दहा पट पातळ करत न्यायची. तसं केलं नाही तर डिशमध्ये सगळ्या वसाहती एकमेकींत मिसळून नुसता चिखल दिसतो. हे पाणी अगारवर, म्हणजे डिशमधल्या जेलीसारख्या खाद्यमाध्यमावर, पसरायचं. त्यावर उमटलेल्या वसाहतींतली (वसाहत म्हणजे जिवाणूंचा डोळ्यांना दिसणारा ठिपका) एखादी निवडून ती शुद्ध होईपर्यंत पुन्हा पुन्हा स्ट्रीक करायची, म्हणजे नव्या अगारवर रेघा ओढून पसरायची. स्ट्रेप्टोमायसिस या मातीतल्या जिवाणूवंशाची वसाहत कोरडी, भुरभुरीत आणि अगारमध्ये घट्ट रुतलेली असते. लूपने, म्हणजे तारेच्या कडीने, सहज उचलली जात नाही, खरवडावी लागते. झाकण उघडलं की ओल्या मातीचा वास येतो, तो जिओस्मिन या रसायनाचा. सुखद आहे, पण ओळख पटवायला निरुपयोगी. या वंशातल्या बहुतेकांना तोच वास!

मग १६एस आरआरएनए जनुक वाचायचं. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा एक भाग घडवणारं हे जनुक सगळ्या जिवाणूंत असतं, म्हणून तुलनेला सोयीचं. साधारण १,५०० अक्षरांचं आहे. याच रेणूच्या तुलनेतून १९७७मध्ये कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी आर्किया हा सजीवांचा वेगळा गट दाखवून दिला. सर्वांत जवळच्या ज्ञात प्रजातीशी साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली आलं, तर नवेपणाची शक्यता दाट. वर आलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. बॅसिलस सेरियस आणि बॅसिलस अँथ्रासिस यांचं हे जनुक जवळपास एकसारखं आहे. एक अन्नातून विषबाधा करतो, दुसरा अँथ्रॅक्स. म्हणून संपूर्ण जीनोमची, म्हणजे जिवाणूच्या सगळ्या डीएनएची, तुलना करतात. तिथं ९५-९६ टक्के साम्याची रेघ आहे; त्याखाली प्रजाती वेगळी. ही रेघ निसर्गाने मारलेली नाही. पूर्वी दोन जिवाणूंचे डीएनए एकमेकांत मिसळून जुळणी मोजत आणि ७० टक्के ही सीमा धरत. नवा आकडा त्या जुन्याशी मेळ घालून ठरवला आहे.

आता खरी मेहनत. जवळच्या प्रजातीचा अधिकृत नमुना मागवायचा आणि आपल्या जिवाणूशेजारी, त्याच माध्यमावर, त्याच तापमानाला वाढवायचा. कुणी विचारेल, त्याची माहिती छापलेली असताना ही उठाठेव कशाला? कारण तापमान बदललं की जिवाणू आपल्या पेशीच्या पटलातली मेदाम्लं (फॅटी ॲसिड) बदलतो, आणि प्रजाती ओळखताना तीही मोजतात. २८ अंशांवर वाढलेल्याची ३७ अंशांवर वाढलेल्याशी तुलना केली, तर फरक प्रजातीचा की उबवणीयंत्राचा, हे कळायचं कसं? माझ्या मते, नव्या प्रजातीचा शोधनिबंध वाचताना आधी या शेजारी-शेजारी तुलनेचा तक्ता पाहावा.

नव्या प्रजातीच्या नावाला मान्यता हवी असेल तर जिवंत संवर्ध, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला शुद्ध जिवाणू, दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. प्रयोगशाळेत न वाढणाऱ्यांची इथं पंचाईत होते, आणि मातीत बहुसंख्य तसेच. त्यांना ‘कँडिडेटस’ हे तात्पुरतं बिरुद मिळतं. २०२२मध्ये सीक्वकोड ही नावं देण्याची वेगळी नियमावली आली. तिच्यात जीनोमच नमुना म्हणून चालतो. सोय चांगली आहे. तरी मला जिवंत संवर्धच भरवशाचा वाटतो. एखादा जिवाणू हवेतला नत्र वापरण्याजोग्या रूपात स्थिर करू शकेल असा अंदाज जीनोमवरून बांधता येतो. तो खरोखर करतो का, हे वाढवल्याखेरीज तपासणं फार अवघड.