एप्रिलची वाढ कुणापाशी थांबते?

श्रोते हो, नमस्कार.

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सगळ्या देशात बदलतं. आपल्या नागपुरात मात्र त्याच सुमारास कूलरही खाली उतरतो. वाळ्याच्या नव्या ताट्या येतात, पंप तपासला जातो, आणि पुढच्या बिलाला घरोघरी एकच बोलणं ऐकू येतं, “विजेचे दर पुन्हा वाढले वाटते.” कधी ते खरंच वाढलेले असतात. पण दर जागचे हलले नाहीत तरी एप्रिल-मेमध्ये आपलं बिल फुगतं. कसं ते सांगतो.

दोनशे वॉटचा एक कूलर बारा तास चालला तर दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२ युनिट वीज जाते. घरात दोन कूलर असले तर १४४. हिवाळ्यात ९० युनिटांत भागणारं घर उन्हाळ्यात २३४ वर जातं. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांपर्यंत एक टप्पा आहे आणि १०१ ते ३०० हा दुसरा. दुसऱ्या टप्प्यातलं युनिट पहिल्याच्या जवळजवळ दुपटीनं पडतं. पहिली शंभर युनिटं स्वस्त दरानंच मोजतात, पण वरची १३४ महाग दरानं, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे वापर अडीच पटीनं वाढला तरी बिल तिपटीच्या वर जातं. म्हणून घरात कुणी नसलेल्या खोलीतला कूलर बंद करणं याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. त्यातून वाचणारं युनिट नेहमी महाग टप्प्यातलं असतं.

याच दिवसांत अनेकांना दुसरं एक बिल येतं, सुरक्षा ठेवीचं. ते पाहून माणसं घाबरतात. तो दंड नाही. मागच्या वर्षीच्या वापराची सरासरी काढून साधारण दोन महिन्यांच्या बिलाइतकी ठेव महावितरणकडे असावी असा नियम आहे, आणि वापर वाढला की फरक मागितला जातो. ही रक्कम आपलीच राहते, तिच्यावर व्याज मिळतं आणि ते व्याज बिलातून वळतं होतं. एकदम भरणं जड जात असेल तर हप्त्यांची मागणी जरूर करा.

पाणीपट्टी, शाळेची पुस्तकं, घरभाड्याचा नवा करार, हे सगळं आपण जाणताच. त्यात नागपुरी घराचा एक खर्च असा आहे की तो मला मनापासून शहाणपणाचा वाटतो: वर्षाचं भरणं. याच दिवसांत गहू येतो, तुरीची डाळ येते, कळमन्यात मिरचीचे ढीग लागतात आणि भिवापुरी मिरचीचं तिखट कुटून डब्यात जातं. एप्रिलचा खिसा त्यानं रिकामा होतो हे खरं, पण हंगामातला माल घेतलेला असला की दिवाळीच्या भाववाढीची धास्ती राहत नाही. ज्यांच्या हातात एकरकमी पैसा नसतो त्यांना मात्र हे जमत नाही. त्यांना तीच डाळ वर्षभर पाव-पाव किलोनं, दर वेळी त्या दिवशीच्या भावानं घ्यावी लागते.

आज मला बोलायचं आहे ते इथूनच. वाढ सगळ्यांवर येते, पण ती पुढे सरकवण्याची ताकद सगळ्यांकडे नसते.

बघा, राष्ट्रीय महामार्गांवरचा टोल दरवर्षी १ एप्रिलपासून सुधारला जातो. नागपुरातून ४४ आणि ५३ क्रमांकाचे दोन्ही महामार्ग जातात, त्यामुळे इतवारीच्या किराणा ओळीत उतरणाऱ्या पोत्यांपैकी बऱ्याच पोत्यांवर कुठे ना कुठे टोल लागलेला असतो. वाहतूकदार तो भाड्यात लावतो, ठोक व्यापारी मालात, किरकोळ दुकानदार किलोच्या भावात. प्रत्येक जण पुढे ढकलतो, आणि त्यात गैर काही नाही. सरकारी नोकराला जानेवारीपासून आणि जुलैपासून महागाई भत्त्याचा आधार असतो. पण साखळीत शेवटी कुणीतरी असं उभं असतं की त्याच्या पुढे ढकलायला कुणीच नसतं.

चौकातला तर्री-पोह्यांचा गाडा घ्या. त्याचं सिलिंडर १९ किलोचं, व्यावसायिक, आणि त्याचा भाव बहुधा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल आयातीचं, त्यामुळे डॉलर चढला की त्याच्या कढईपर्यंत झळ येते. चणे महागले तर तर्री पातळ करता येत नाही, गिऱ्हाईक लगेच ओळखतं. प्लेटमागे पाच रुपये वाढवले की आपणच विचारतो, “भाऊ, इतके कसे?” मग तो वाढवत नाही, मुलाच्या शाळेचे कपडे पुढच्या महिन्यावर टाकतो. यंदा त्यानं पाच रुपये वाढवले तर कुरकुर न करता द्या, एवढंच माझं म्हणणं.

हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीतल्या लहान कारखानदाराची अडचण वेगळी. त्याचा लोखंडाचा आणि विजेचा खर्च आज होतो, मोठ्या गिऱ्हाइकाकडून पैसे मात्र चार-चार महिन्यांनी येतात. त्या मधल्या काळाचं बँकेचं व्याज त्याच्याच माथी. अशांसाठी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा आहे, आणि तो पुरेसा वापरला जात नाही याची मला खंत आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय मुदतीत न दिलेली ही रक्कम त्या गिऱ्हाइकाला आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष देईपर्यंत. उद्यम नोंदणी मोफत होते. नोंदणी क्रमांक बिलावर छापा आणि मुदतीची तारीखही तिथेच लिहा.

आणि आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाई. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे, पण त्यांचा दरमहाचा पगार ठरतो तो आपल्याच स्वयंपाकघरात. त्यांना ना महागाई भत्ता, ना वार्षिक वेतनवाढ. बस-ऑटोचं भाडं वाढलं तरी त्यांनी मागितल्याशिवाय पगार वाढत नाही, आणि मागायला त्यांची जीभ रेटत नाही, काम जाईल ही भीती असते. त्यांच्या घरीही तोच ४५ अंशांचा उन्हाळा आहे आणि तोच विजेचा दुसरा टप्पा.

तेव्हा या आठवड्यात नव्या वर्षाचा हिशेब मांडायला बसाल तर पगारवाढीचा आकडा त्यांच्यासाठी आधी लिहा. टक्के तुमच्या ऐपतीप्रमाणे ठरवा, पण वाढ एप्रिलपासून द्या आणि स्वतःहून सांगा. मे महिन्यात तुम्ही गावाला जाल त्या दिवसांचा पगार कापू नका. सुट्टी तुमची असते, त्यांचं घरभाडं त्या महिन्यातही द्यावंच लागतं. इस्त्रीवाले भाऊ, सोसायटीचे चौकीदार यांच्याशीही हेच बोलून घ्या.

नमस्कार.